पिकअपला विजेचा पंखा : आधी दुखणे ओळखा

उन्हाळा सुरू झाला की घाटरस्त्यांच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. मालाने भरलेली पिकअप उभी आहे, बॉनेट उघडे आहे, आतून वाफ निघते आहे आणि चालक हातात पाण्याचा कॅन घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहतो आहे. मागे क्रेटमधले टोमॅटो उन्हात मऊ पडत आहेत. ज्या घराचा संसार त्या एका गाडीवर चालतो, त्या घराचे त्या दिवसाचे भाडे तर बुडतेच. पण इंजिनाचे हेड वाकले किंवा गॅस्केट उडाले, तर गाडी पंधरा दिवस गॅरेजात आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला, अशी अवस्था होते.

अशा वेळी कोणीतरी सल्ला देतोच, "अहो, तो पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा काढून टाका. मोटारींना असतो तसा विजेचा पंखा बसवा. गाडी तापायची नाही आणि वर डिझेलही वाचेल."

हा सल्ला खोटा नाही. पण तो अर्धाच आहे. काही गाड्यांना असा बदल खरोखर मानवतो. काहींची मात्र त्यामुळे आगीतून फुफाट्यात अशी गत होते. आपली गाडी यांपैकी कोणती, हे ओळखण्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. थोडे निरीक्षण आणि थोडा हिशेब एवढे पुरते. तेच या वेळी पाहू.

इंजिनातले पाणी आणि घरातला कुकर

इंजिनात जाळलेल्या इंधनातून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता धुराड्यातून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगातून काढून टाकावी लागते. हे काम कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, करते. पंपाच्या जोरावर ते इंजिनात फिरून तापते, वरच्या रबरी पाइपातून रेडिएटरमध्ये येते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना हवेने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते.

रेडिएटरची टोपी म्हणजे आपल्या प्रेशर कुकरची शिट्टीच समजा. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याहून जास्त तापते आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरमध्येही तेच घडते. टोपीने ०.९ किलोच्या आसपास दाब धरला तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल असेल तर आणखी वर. म्हणूनच गरम इंजिनाची टोपी उघडणे हे गरम कुकरचे झाकण ओढून काढण्याइतकेच धोक्याचे आहे. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळते आणि उसळून तोंडावर, हातावर येते. टोपी खराब असेल तर उलटे होते. दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि गाडी "तापली" असे आपण म्हणतो. एवढ्याशा टोपीसाठी इंजिन खोलण्यापर्यंत पाळी गेल्याची उदाहरणे गॅरेजवाले सांगतात.

यात पंख्याचे काम एकच. रेडिएटरच्या जाळीतून पुरेशी हवा ओढणे. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने धावत असेल तर समोरून येणारी हवा बहुधा पुरेशी असते. पंख्याची खरी गरज पडते ती गाडी उभी असताना किंवा हळू चालत असताना.

तीन जातींचे पंखे

पहिला प्रकार म्हणजे पंपाच्या पुलीवरच पक्का बसवलेला पंखा. जुन्या जीपगाड्या, ॲम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी यांना असेच पंखे होते. इंजिन फिरेल तसा तो फिरतो, गरज असो वा नसो. दोष असा की इंजिनाच्या फेऱ्या दुप्पट झाल्या की पंख्याला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, तर आठपट होते. समजा, मिनिटाला १,५०० फेऱ्यांना एखाद्या पंख्याला अर्धी अश्वशक्ती लागत असेल, तर ३,००० फेऱ्यांना त्यालाच चार अश्वशक्ती लागतील. हायवेवर, जिथे पंख्याचे काहीच काम नाही, तिथे तो सर्वांत जास्त डिझेल खातो आणि आवाजही करतो.

दुसरा प्रकार व्हिस्कस पंख्याचा. त्याच्या मधल्या डबीत सिलिकॉन तेल असते आणि पुढे दोन धातूंची एक पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की पट्टी वाकते, तेल आत शिरते आणि पंखा पुलीला घट्ट धरून फिरतो. हवा थंड असली की तो घसरत, सावकाश फिरतो. मालवाहू डिझेल गाड्यांत हा पंखा पुष्कळ ठिकाणी आढळतो.

तिसरा प्रकार विजेच्या पंख्याचा. आपल्याकडे तो घरोघरी पोहोचला मारुती ८०० मुळे. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या त्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले होते. इंजिन आडवे असले की त्याच्या पुलीचे तोंड चाकाकडे होते, समोरच्या रेडिएटरकडे नाही. तिथे पट्ट्यावरचा पंखा बसवणे अडचणीचे असते, म्हणून बॅटरीवर चालणारी मोटर आणि तिला चालू-बंद करणारा उष्णतेचा स्विच अशी योजना असते. पिकअपमध्ये मात्र इंजिन बहुधा उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असते. त्यामुळे तिथे पट्ट्यावरचा पंखा टिकून राहिला, आणि त्यामागे आणखी एक सबळ कारण आहे.

जाम वेगळा, घाट वेगळा

हे कारण नीट समजले तर निम्मा निर्णय झाला असे समजा.

भिवंडीच्या किंवा हडपसरच्या जाममध्ये गाडी अडकली आहे असे धरा. इंजिन आयडलवर, फेऱ्या जेमतेम आठशे. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाला बांधलेला, म्हणून तोही मंद. समोरून वारा नाही. एसी असेल तर त्याची उष्णता वेगळी. इथे विजेचा पंखा बाजी मारतो. इंजिन कितीही हळू फिरो, तो आपला पूर्ण वेगाने हवा ओढतो.

आता तीच गाडी दीड टन माल भरून कसारा घाट चढते आहे असे धरा. दुसरा गिअर, वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर, आणि इंजिनाच्या फेऱ्या मात्र अडीच-तीन हजार. उष्णता सर्वांत जास्त इथे निर्माण होते आणि समोरचा वारा जवळजवळ नाही. पण पट्ट्यावरचा पंखा इंजिनाबरोबर जीव तोडून फिरत असतो. इंजिन जितके राबते तितकी हवा तो देतो. विजेच्या पंख्याचा वेग मात्र जाममध्ये होता तेवढाच राहतो. तो कमी ताकदीचा असेल तर घाटाच्या मध्यावर काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो.

म्हणजे ज्यांची गाडी मुख्यतः शहरात, हलक्या मालाने, थांबत-थांबत चालते, त्यांना विजेचा पंखा मानवतो. ज्यांची गाडी रोज खंडाळा, खंबाटकी, कसारा किंवा तिकडे निलगिरीतला कुन्नूर घाट भरल्या मालाने चढते, त्यांनी सुस्थितीतला व्हिस्कस पंखा काढण्यापूर्वी दहादा विचार करावा. डिझेल वाचवण्याचे म्हणाल तर पक्का पंखा काढल्यावर काही फरक दिसू शकतो. व्हिस्कस पंखा मात्र गरज नसताना आधीच घसरत असतो, त्यामुळे तो काढून फार मोठी बचत होईल अशी आशा धरू नये. विजेचा पंखाही फुकट फिरत नाही. २५ अँपिअर घेणाऱ्या पंख्यासाठी अल्टरनेटरला साधारण ३४० वॉट वीज द्यावी लागते आणि अल्टरनेटरमधली घट धरता इंजिनाकडून त्यासाठी पाऊण अश्वशक्ती खर्च होते. फायदा एवढाच की ती गरजेपुरती खर्च होते.

अमेरिकेत जुन्या पिकअपला फोर्ड टॉरस या मोटारीचा दोन वेगांचा पंखा भंगारातून आणून बसवण्याची हौस बरीच जुनी आहे. पण तिकडच्या पुष्कळ पिकअप माणसे आणि थोडेफार सामान घेऊन मोकळ्या रस्त्यावर धावतात. आपल्याकडे पिकअप म्हणजे छोटा ट्रक. त्यामुळे तिकडचा अनुभव जसाच्या तसा इकडे लागू पडत नाही.

पंख्याला दोष देण्यापूर्वी

आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गाडी तापण्याच्या बाबतीत ही म्हण वारंवार खरी ठरते. म्हणून आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा : गाडी नेमकी केव्हा तापते?

फक्त उभी असताना किंवा जाममध्ये तापत असेल आणि चालू लागताच काटा खाली येत असेल, तर हवा कमी पडते आहे. संशय पंख्यावर, त्याच्या पट्ट्यावर किंवा त्याच्या भोवतीच्या आवरणावर घ्यायला हरकत नाही. मोकळ्या हायवेवर ऐंशीच्या वेगाने तापत असेल, तर पंखा बहुधा निर्दोष आहे. त्या वेगाला वाराच भरपूर असतो. तिथे रेडिएटर आतून चोंदलेला असेल, पंप अशक्त असेल किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असेल. अशा गाडीला कितीही महागडा पंखा बसवला तरी गुण येणार नाही. घाटातच तापत असेल तर दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

तपासणीचा क्रम असा ठेवा.

१. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टोपी उघडून कूलंटची पातळी पाहा. टोपीचे रबर चिरलेले किंवा स्प्रिंग सैल झालेली असेल तर टोपी बदला.

२. रेडिएटरची जाळी उजेडासमोर पाहा. चिखल, किडे, भुसा यांनी ती बुजलेली असते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, मंद धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पापड्या वाकतात.

३. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले असेल तर नळ्यांत चहाच्या भांड्यासारखा क्षार धरतो. त्याला रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग करून घेणे किंवा रेडिएटर बदलणे हाच उपाय.

४. थर्मोस्टॅट तपासून घ्या. पुष्कळ मिस्त्री तो काढूनच टाकतात. ते करू देऊ नका. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन थंडीत लवकर तापत नाही, जास्त झिजते आणि डिझेल जास्त पिते. काही इंजिनांत तर त्याच्यावाचून गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि गाडी उलट जास्त तापते.

५. पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे का ते पाहा. पंप त्याच्यावरच चालतो.

६. व्हिस्कस पंखा असेल तर गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. त्याने अडखळत, जड फिरले पाहिजे. भिंगरीसारखा गरगर फिरला किंवा मधल्या डबीवर तेलाचे ओघळ दिसले, तर तो संपला. नवा व्हिस्कस कपलिंग बसवला की पुष्कळ गाड्यांचे दुखणे तिथेच संपते.

७. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेले आहे. मग पंख्याचा विचार सोडा आणि गाडी सरळ गॅरेजात न्या.

एवढे सगळे ठीक असूनही गाडी जाममध्ये तापते, किंवा पक्का पंखा हायवेवर त्रास देतो, अशी खात्री झाली तरच पुढे जायचे.

बदल करायचाच असेल तर

पहिली गोष्ट जागेची. रेडिएटरची जाळी आणि पंपाची पुली यांतले अंतर मोजा. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलत असते. म्हणून मोटर बसवल्यावरही मागे निदान एक इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. शक्यतो पंखा रेडिएटरच्या मागे बसवून हवा ओढणारा घ्यावा. पुढे बसवून हवा ढकलणारा पंखा समोरून येणारा वारा अडवतो. पाती एकाच दिशेला फिरण्यासाठी घडवलेली असतात. तारा उलट जोडून पंखा उलटा फिरवला तर तो फिरेल, पण हवा पुरेशी देणार नाही.

दुसरी गोष्ट आवरणाची. नुसता गोल पंखा चौकोनी जाळीच्या मध्यावर बसवला तर तो फक्त आपल्या वर्तुळापुरती हवा ओढतो आणि चारही कोपरे वाया जातात. जाळी पूर्ण झाकणाऱ्या आवरणासह पंखा घ्या. आपल्या इंजिनाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारीचा मूळ कंपनीचा पूर्ण संच मिळाला तर उत्तम. बाजारातल्या पंख्यावर छापलेल्या हवेच्या आकड्यांवर विसंबू नका. तो किती अँपिअर घेतो ते मोजून घ्या. हलकी मोटर भरपूर हवा देते असा दावा असेल तर तो संशयानेच पाहावा.

पंखा रेडिएटरच्या चौकटीला लोखंडी पट्ट्यांनी बसवा. जाळीतून प्लॅस्टिकच्या काड्या आरपार घालून पंखा बांधण्याची एक झटपट पद्धत आहे. खडबडीत रस्त्यावर त्या काड्या नळ्या घासतात आणि काही महिन्यांत रेडिएटर गळू लागतो.

जुना पंखा काढताना पट्टा काढून टाकू नका. पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावर चालतात. काही गाड्यांत व्हिस्कस पंख्याच्या नटाचे आटे उलटे असतात. ते न पाहता जोर लावला तर पंपाचे नुकसान होते. पुलीचे जुने लांब बोल्ट तसेच वापरू नयेत. पंख्याची जाडी कमी झाल्यामुळे ते पुढे जाऊन आत टेकू शकतात. योग्य मापाचे आखूड बोल्ट वापरा.

वायरिंग : इथेच घात होतो

विजेच्या पंख्याची बहुतेक दुखणी पंख्याची नसतात, तारांची असतात. डॅशबोर्डावरच्या साध्या स्विचमधून २५ अँपिअर नेण्याचा मोह टाळा. स्विच वितळतो आणि गाडी पेटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. काम रिलेमार्फतच व्हायला हवे.

नेहमीच्या रिलेवर चार आकडे असतात. ३० क्रमांकावर बॅटरीकडून, फ्यूजमधून, जाड तार येते. ८७ वरून ती पंख्याकडे जाते. ८५ आणि ८६ या दोन टोकांवर रिलेला जागे करणारी बारीक तार जोडायची : एकीकडे चावीमधून येणारा करंट, दुसरीकडे उष्णतेच्या स्विचमार्फत अर्थ. पंखा २५ अँपिअरचा असेल तर रिले आणि फ्यूज ४० अँपिअरचे आणि तार ६ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्यावी. सुरू होताना मोटर क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढते, हे लक्षात ठेवा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवा. त्याच्या अलीकडची तार कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारे काहीच नसते. पंख्याची अर्थ तारही तेवढीच जाड असावी आणि रंग खरवडून, स्वच्छ धातूवर घट्ट बसवावी.

उष्णतेचा स्विच निवडताना थर्मोस्टॅटचा आकडा पाहा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असेल, तर पंखा ९२ च्या आसपास सुरू व्हावा आणि ८७ च्या आसपास बंद व्हावा. पंखा थर्मोस्टॅटच्याही आधी सुरू होणारा असेल तर तो बंदच होणार नाही आणि मोटर लवकर जळेल. स्विच रबरी पाइपच्या मध्ये धातूचा तुकडा घालून बसवला असेल, तर त्या तुकड्याला वेगळी अर्थ तार द्यावी लागते. रबरातून वीज जात नाही, ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते आणि पंखा लागत नाही म्हणून मिस्त्री तासभर डोके खाजवतो.

डॅशबोर्डावर दोन गोष्टी जरूर करून घ्या : पंखा चालू असल्याचे दाखवणारा लहान दिवा, आणि हवे तेव्हा पंखा हाताने चालू करता येईल असा स्विच. हा स्विच पंखा चालू करणारा असावा, बंद करणारा नसावा. म्हणजे कोणाच्या धक्क्याने पंखा बंद राहून इंजिन जळणार नाही. गाडीला एसी असेल तर एसी लागताच पंखाही लागेल अशी जोडणी करून घ्या.

अल्टरनेटरचा हिशेब कागदावर मांडा

पावसाळ्याची रात्र, जाम, सगळे काही चालू. आता बेरीज करा. दोन हेडलाइट १० अँपिअर, बाकीचे दिवे ३, वायपर ५, ब्लोअर ८ आणि विजेचा पंखा २५. बेरीज झाली ५१. तुमच्या अल्टरनेटरवर ४५ लिहिले असेल तर तो हिशेबात बसत नाहीच. शिवाय ते ४५ चांगल्या फेऱ्यांना मिळतात, आयडलवर त्याहून बरेच कमी. उरलेला करंट बॅटरीतून जातो. तासाभराच्या जामनंतर दिवे पिवळे पडतात, पंखा मंदावतो आणि ज्या कामासाठी तो बसवला तेच काम अडते. म्हणून लहान अल्टरनेटरच्या जुन्या गाडीला विजेचा पंखा बसवायचा तर मोठ्या अल्टरनेटरचा खर्चही त्याच कागदावर धरावा. तो धरल्यावर नवा व्हिस्कस कपलिंग स्वस्त पडतो, असे पुष्कळदा दिसून येते.

वॉरंटी आणि विमा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पंख्याचा उल्लेख त्या पुस्तकात नसतो. तरी वॉरंटीतल्या गाडीची वायर कापण्यापूर्वी डीलरला लेखी विचारा. पुढे आग लागली आणि बाहेरचे वायरिंग आढळले, तर विम्याच्या दाव्यात वाद निर्माण होऊ शकतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ गाड्यांत इंजिनाचा सारा कारभार संगणक पाहतो. त्या वायरिंगमध्ये हात घालू नये. हा सगळा विचार जुन्या, वॉरंटी संपलेल्या गाड्यांपुरताच आहे.

पहिले पंधरा दिवस

काम झाल्यावर गॅरेजच्या आवारातच गाडी आयडलवर ठेवा. पंखा कोणत्या काट्याला लागतो, केव्हा बंद होतो, हे दोन-तीन वेळा डोळ्यांनी पाहा. पंखा चालू असताना त्याच्या टोकाशी व्होल्ट मोजून घ्या. बॅटरीपेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असतील तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. तारा आणि रिले हाताला गरम लागता कामा नयेत. मग घराजवळच्या चढावर, आधी अर्धा माल आणि नंतर पूर्ण माल घेऊन फेऱ्या मारा. पहिल्याच दिवशी लांबच्या घाटाचे भाडे घेऊ नका. आणि जुना पंखा भंगारात देऊ नका. बोल्टांसह गोणपाटात बांधून घरी ठेवा. बदल मानवला नाही तर तासा-दोन तासांत तो परत बसवता येतो.

घरच्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवा. विजेचा पंखा कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. काही जोडण्यांत तर गाडी बंद केल्यावरही तो फिरू लागतो. बॉनेट उघडे असताना मुलांचे हात, ओढणी, पदर, गळ्यातला गमछा त्याच्यापासून दूर ठेवावा. आत हात घालण्याआधी चावी काढावी आणि पंख्याच्या तारेचा जोड सोडावा.

तरीही कधी वाटेत काटा वर चढलाच, तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा आणि गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. वाफ दिसत नसेल आणि कूलंट असेल, तर इंजिन थोड्या वाढीव आयडलवर ठेवून काटा उतरतो का पाहा. वाफ असेल तर लगेच बंद करा. निदान अर्धा तास टोपीला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. अर्ध्या तासाच्या उशिराबद्दल गिऱ्हाईक दोन शब्द बोलेल, ते ऐकून घेता येतात. हेड फेसिंगचे बिल मात्र पुढचे कित्येक महिने घरखर्चातून भरावे लागते.

तेव्हा या उन्हाळ्यात कोणी विजेच्या पंख्याचा सल्ला दिला, तर लगेच हो म्हणू नका आणि उडवूनही लावू नका. आठ दिवस गाडीत एक वही ठेवा. काटा केव्हा वर गेला, कुठे, किती मालावर, किती वेगाला, एवढे चार रकाने भरा. ती वही घेऊन मिस्त्रीकडे जा. तिच्यात जाम जास्त असतील तर विजेच्या पंख्याचे बोलणे पुढे न्या. घाट जास्त असतील तर आधी व्हिस्कस, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट यांवर पैसे घाला. आणि हायवेच्या नोंदी जास्त असतील, तर पंख्याचा विषय तिथेच मिटवून रेडिएटरवाल्याचा रस्ता धरा.